तेरावं झाल्यावर
आधाराचे हात : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण निराधारांसाठीच्या सरकारी योजना पाहिल्या. या आठवड्यात त्या योजना आणि घराचा उंबरा यांच्या मधल्या वाटेबद्दल लिहायचं आहे. या वाटेवर संस्था, देणगीदार, भावकी आणि गावातले चार शहाणे कुठे भेटतात, कुठे भेटत नाहीत, हे परभणी जिल्ह्यातला मानवत तालुका डोळ्यांसमोर ठेवून पाहू. इथली परिस्थिती मराठवाड्यातल्या कुठल्याही कापूसपट्ट्यासारखीच आहे. शहरात मोंढा आणि जिनिंग, भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी मिळतं त्या शिवारात ऊस, नाही मिळत तिथे पावसाची वाट.

घरातला कर्ता माणूस गेला की पहिले तेरा दिवस घर एकटं नसतं. चूल बंद असली तरी भावकीतून भाकरी येते. दुखवट्याला आलेली बाई पदराखालून पायलीभर ज्वारी आणते, कुणी तुरीची डाळ, कुणी साखर. सोयरे धाकट्या पोराच्या हातात पाचशेची नोट ठेवतात. गावातला एखादा कार्यकर्ता धान्याचं किट घेऊन येतो, फोटो काढला जातो. ही मदत खरी असते, मनापासून असते आणि त्या दिवसांत तिचा आधारही मोठा वाटतो. पण तेरावं झालं की मांडव उतरतो आणि माणसं आपापल्या कामाला लागतात. खतवाल्या दुकानदाराची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, मुलांची फी आणि पुढची पेरणी हे सगळं चौदाव्या दिवसापासून एकटीच्या अंगावर येतं. मदतीची खरी गरज तिथून सुरू होते आणि नेमकी तिथेच मदत आटते, हे मला या लेखात सांगायचं आहे.

पूर्वी या चौदाव्या दिवसासाठीही गावाकडे एक रीत होती. इर्जिक. ज्याचा बैल मेला, जो आजारी पडला, किंवा जी बाई एकटी उरली, तिच्या रानात गाव एका दिवशी औतं घेऊन उतरायचं. घरधनिणीने फक्त जेवण घालायचं. दहा-बारा औतांनी दिवस मावळेपर्यंत सगळं रान कुळवून व्हायचं. कुणी कुणावर उपकार केला असं वाटत नसे, कारण उद्या आपल्यावरही तीच पाळी येऊ शकते हे प्रत्येकाला माहीत असे. आता बैलच कमी झाले. कुठे कुठे एखादा ट्रॅक्टरवाला नुसत्या डिझेलच्या पैशात विधवेचं रान नांगरून देतो. इर्जिकीचं जे काही उरलं आहे, ते एवढंच. शिवाय आजच्या अडचणी औताने सुटण्यासारख्या राहिल्या नाहीत. त्या सातबाऱ्यावर, बँकेच्या पासबुकात आणि तहसीलच्या टेबलावर आहेत.

समजा, केकरजवळ्याची एक बाई आहे. वय बत्तीस. दोन मुलं, एक चौथीत, एक अंगणवाडीत. तीन एकर कोरडवाहू रान, तेही सासऱ्याच्या नावावर. कर्जाच्या ओझ्याने नवऱ्याने जीव दिला. तिच्यासमोर काय काय उभं राहतं, ते क्रमाने पाहू.

आधी मृत्यूची नोंद. ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत केली तर सोपं असतं. उशीर झाला की विलंबाची परवानगी, प्रतिज्ञापत्र आणि खेटे. मग पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. हे दोन्ही पोलीस ठाण्यातून आणि दवाखान्यातून मिळवायचे. तलाठ्याचा आणि तहसीलदाराचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते तिथे ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यांतले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पात्र ठरण्यासाठी मृत शेतकऱ्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर जमीन हवी, आणि बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज हवं. आपल्या बाईच्या नवऱ्याने पैसे घेतले होते ते दुकानदाराकडून आणि एका नातेवाइकाकडून. त्याला कुठला कागद? आयुष्यभर दुसऱ्याचं रान ठोक्याने किंवा बटईने करणाऱ्याच्या घरची अडचण तर याहून मोठी.

आता वारस नोंद. नवऱ्याच्या नावावर जमीन असती तर तलाठ्याकडे अर्ज, गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबारा, असा रस्ता होता. पण जमीन सासऱ्याची आणि सासरा हयात. अशा वेळी तिच्या हाती कागदावर काहीच नसतं. पीकविमा, पीककर्ज, अनुदान या सगळ्यांसाठी सातबारा लागतो. रान तीच कसते, पण शासनाच्या दप्तरात ती शेतकरी नसते. पुढे सासरे वारले तरी तिचा हक्क संपत नाही, हे मात्र तिला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधीच वारलेल्या मुलाची विधवा ही सासऱ्याची पहिल्या वर्गातली वारस आहे. सासऱ्याने मृत्युपत्र करून ठेवलं नसेल, तर दिरांच्या बरोबरीने तिचं आणि तिच्या मुलांचं नाव लागायला हवं. प्रत्यक्षात भावकीच्या बैठकीत, ‘तुझ्या पोरांना आम्ही टाकून देणार आहोत का?’ एवढ्या एका वाक्यावर हा हक्क विरून जातो.

हे एका काल्पनिक बाईचं दु:ख नाही. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, 2018 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या 505 महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 40 टक्के महिलांना कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. घरावर हक्क मिळालेल्या जेमतेम 35 टक्के. आणि सुमारे तिघींपैकी एकीला, आपल्याला निवृत्तिवेतन मिळू शकतं, हेच ठाऊक नव्हतं. त्या पाहणीनंतर, महिलांच्या रेट्यामुळे, शासनाने 18 जून 2019 रोजी या कुटुंबांसाठी स्वतंत्र निर्णय काढला. निर्णय निघाला हे चांगलंच झालं. पण तो रामपुरीच्या किंवा ताडबोरगावच्या घरापर्यंत वाचून दाखवायचा कुणी?

संस्थांच्या कामाकडे मी याच प्रश्नावरून पाहतो.

2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या महिलांना 15 हजार रुपयांचे धनादेश दिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नाम’ फाउंडेशन उभं राहिलं. 15 हजारांत कर्ज फिटत नाही, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला त्या मदतीचं मोल वेगळं वाटतं. पात्र-अपात्रतेचा निकाल लागेपर्यंत घरात दाणे भरायला हाताशी काही नसतं, तेव्हा ही रक्कम पोचली. शिवाय व्यासपीठावरून एक मोठा माणूस त्या बायकांसमोर हात जोडून उभा राहिला. ज्या घराकडे गाव कुजबुजत पाहत होतं, त्या घराची मान थोडी वर झाली. तरीही ती एकदाच मिळणारी मदत होती, हे खरंच.

दुसरी वाट मुलांना सांभाळण्याची. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. आपल्या परभणी जिल्ह्यातच, पालम तालुक्यातल्या केरवाडीला सूर्यकांत कुलकर्णी यांनी ‘स्वप्नभूमी’ उभी केली. निराधार मुलांना तिथे घर मिळालं आणि बालहक्कांचं काम आसपासच्या गावांत पसरलं. परभणीत डॉ. पवन चांडक यांची होमिओपॅथिक अकॅडमी ऑफ रिसर्च अँड चॅरिटीज एचआयव्हीबाधित मुलांसाठी झटते. ज्या मुलाला मागे कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठी अशा संस्थांना पर्याय नाही.

पण आई आहे, आजी आहे, फक्त पैसा नाही, अशा मुलाला वसतिगृहात पाठवणं हा शेवटचा उपाय असावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाप गेल्यावर चार महिन्यांत आईपासूनही तुटलेलं मूल शिकून मोठं होईल, पण त्याची किंमत ते मूल आणि आई दोघंही मोजतात. मूल घरातच राहावं म्हणून असलेली एक चांगली योजना आपल्याकडे आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असलेल्या मुलासाठीही ती लागू होते आणि 2023 पासून दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आपल्या केकरजवळ्याच्या बाईला दोन मुलांचे साडेचार हजार. एकट्या बाईच्या घरात ही रक्कम लहान नाही. अर्ज मात्र जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. म्हणजे मानवतहून एसटीने परभणी गाठायची आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. कागद अपुरा निघाला तर पुन्हा तेच.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही तसंच. 2023 पासून महिना 1,500 रुपये. वार्षिक उत्पन्नाची अट 21 हजारांची. रोजची मजुरी 250 रुपये धरली तर 84 दिवस कामाला गेलेली बाई या मर्यादेला जाऊन टेकते. वर्षाचे उरलेले 281 दिवस तिने खायचं काय, याचं उत्तर या अटीत नाही. ही मर्यादा वाढलीच पाहिजे. पण ती वाढेपर्यंत, जी बाई नियमात बसते तिचा अर्ज तरी नीट भरलेला असावा.

आणि इथे एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कोरोनात नवरा गेलेल्या महिलांसाठी 2021 मध्ये हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ झाली. राज्यभरातले कार्यकर्ते तालुक्या-तालुक्यांत उभे राहिले. त्यांनी याद्या केल्या, घरोघर जाऊन कागद पाहिले, अर्ज भरून दिले, तहसीलदारांना भेटले आणि मंत्रालयाकडे पाठपुरावा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने ‘मिशन वात्सल्य’ काढून तालुका पातळीवर समित्या नेमल्या. म्हणजे आधी माणसं बाईच्या दारात गेली आणि मग व्यवस्था हलली. मोठी देणगी नसतानाही घरात दरमहा पैसे सुरू होऊ शकतात, हे त्या कामातून दिसलं. शेतीत, अपघातात, आजारात नवरा गमावलेल्या बाईसाठी हेच का करू नये?

दवाखान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र भाग करायचा आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला 1 लाख 80 हजार आणि दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार. मानवतचा पेशंट छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला हलवताना उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड गाडीत घेतलं का, हे विचारणारं माणूस शेजारी असलं तर कधी कधी एक एकर जमीन वाचते.

मग असं माणूस गावात आणायचं कुठून? मला वाटतं, ते आहेच. आपल्याकडच्या कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा पाहा. घरटी वर्गणीची वही, कोणत्या आळीने कोणत्या दिवशी भाकरी द्यायच्या त्याचा हिशोब, पाणी भरणारी पोरं, पंगतीला वाढणारे, काल्याच्या दिवशी हजारो माणसांचं जेवण. कुठलाही सरकारी आदेश नसताना हे सगळं बिनचूक पार पडतं. त्या वहीत एक पान वाढवावं. गेल्या वर्षभरात गावात कर्ता माणूस गेलेली घरं कोणती आणि त्या प्रत्येक घराबरोबर वर्षभर चालायला कोण तयार आहे, एवढंच त्यावर लिहायचं. दहावी-बारावी झालेली, मोबाइलवर अर्ज भरता येणारी मुलगी, निवृत्त शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, आशाताई, असं कुणीही. पैसे द्यायची गरज नाही. एसटीत शेजारी बसायचं आणि खिडकीवर तिच्याबरोबर उभं राहायचं. खिडकीवरून नकार आला तर तो लेखी मागायचा. एकटी बाई तोंडी नकार घेऊन परत येते, सोबत कुणी असलं की लेखी उत्तर मागितलं जातं. त्या लेखी उत्तरावर अपील करता येतं.

तिच्या घरी अशा कागदांची एक पिशवी असतेच. बहुतेक वेळा किराणा दुकानाची किंवा बियाण्याच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, छताच्या लोखंडी अँगलला अडकवलेली, पावसाने आणि उंदरांनी थोडी कुरतडलेली. त्यात आधार, रेशनकार्ड, जुनं पासबुक, सोसायटीची नोटीस, मुलांचे दाखले, नवऱ्याचा पासपोर्ट आकाराचा फोटो, सगळं एकत्र घडी घातलेलं. सोबत जाणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढंच करावं. ती पिशवी तिच्यासमोर रिकामी करावी, तिला विचारत विचारत कागद लावावेत आणि मृत्यू प्रमाणपत्राच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात. प्रत्येक टेबलावर तोच कागद आधी मागतात. आधार आणि पासबुकावरचं नाव जुळतं का, तेही त्याच दिवशी पाहावं. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल तर मंजूर झालेले पैसेही खात्यात जमा होत नाहीत, आणि बाईला वाटत राहतं की आपला अर्जच नाकारला.

पुढच्या भागात ऊसतोडीला गेलेल्या घरांकडे वळू. दसरा-दिवाळीनंतर अर्धं घर फडावर जातं, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं रेशन आणि मुलांची शाळा कोण पाहतं, हे पाहायचं आहे.