बेडकाची शेपटी आणि घोणशीचं विष

पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर जांभ्या दगडातल्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात बेडकांची पिल्लं वळवळू लागतात. काही आठवड्यांत त्यांना पाय फुटतात आणि शेपटी आखडत आखडत दिसेनाशी होते. पण तळाशी गळून पडलेली एकही शेपटी सापडत नाही. मग ती जाते कुठे?

बेडूक ती आतल्या आत जिरवतो. थायरॉईडचं संप्रेरक रक्तात वाढलं, की शेपटीच्या पेशींना मरणाचा हुकूम मिळतो. प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे प्रोटिएज, त्यांच्यात आधीच मिटलेल्या कात्र्यांसारखी तयार असतात. त्यांतलं कॅस्पेज नावाचं घराणं या कामाचं. एक कात्री उघडली की ती दुसरीला उघडते आणि पेशीचा सांगाडा ठरल्या जागी कापला जातो. तुकडे पातळ पडद्यात बांधलेले राहतात, भक्षक पेशी ते गिळून टाकतात. काही सांडत नाही, म्हणून सूजही येत नाही. आईच्या पोटात असताना आपल्या बोटांमधली कातडीही अशीच गेली.

पेशींभोवतीचं चिवट कोलॅजन मात्र साध्या विकरांना दाद देत नाही. 1962 मध्ये अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना ते कापणारं विकर सापडलं, तेही बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत! त्याच्या पात्याशी जस्ताचा एक अणू असतो.

आता साताऱ्याहून कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीकडे उतरू. उसाच्या फडात उंदीर असतात आणि उंदरांमागे घोणस येते. तिच्या विषातही जस्ताचा अणू धरलेली विकरं आहेत, शेपटीतल्या विकराच्याच मोठ्या कुळातली. सापांच्या पूर्वजांच्या शरीरात साधी कामं करणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती झाल्या आणि उत्क्रांतीनं त्यांना विषग्रंथीत कामाला लावलं.

ही विकरं केशवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन कापतात आणि रक्त झिरपू लागतं. त्यांतलंच एक, रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर दहा’ला कापून चालू करतं. मग रक्त जागोजागी गोठत राहतं आणि गोठण्याचा सगळा साठाच संपतो. म्हणून डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर ते पाण्यासारखं वाहिलं, तर प्रतिविष लगेच सुरू होतं.

इकडे फुटलेल्या पेशींतला माल बाहेर सांडलेला असतो. पहाऱ्यावरच्या पेशी तो ओळखतात आणि कॅस्पेज-1 उघडतात. ते इंटरल्युकिन-1 बीटा नावाचं प्रथिन कापून जागं करतं. ताप चढतो, सूज वाढते. तेच गॅसडर्मिन डी नावाचं प्रथिनही कापतं आणि त्याचा सुटलेला तुकडा स्वतःच्याच पेशीच्या पडद्याला भोकं पाडतो. हे 2015 मध्ये उलगडलं. अशी पेशी मरतानाही बोंब ठोकून मरते.

खरा अचंबा पुढेच आहे. मातीतल्या मिलिमीटरभर सूत्रकृमीत पेशींना मरण देणारं एक जनुक असतं. 1993 मध्ये त्याची रचना वाचली गेली, तर ते माणसात ताप आणणाऱ्या कॅस्पेज-1चंच भावंड निघालं. गुपचूप मारणारी आणि गहजब करून मारणारी कात्री एकाच घरातली!

कापणं सगळीकडे सारखंच. कात्री कुणाच्या हुकमानं, कुठे आणि किती वेळ उघडली, यावर पुढचं सारं ठरतं. 1934 मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या डॉक्टरांनी घोणशीचं विष अतिशय सौम्य करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर वापरलं आणि रक्त थांबवलं. आजही रक्तात नको तिथे गुठळ्या का होतात हे शोधताना प्रयोगशाळा या विषाचा सौम्य द्राव नळीत घालतात. उसाच्या फडात जीव घेणारं विकर तिथे मोजक्या थेंबांत रोगाचं निदान करतं.