मुलाखतीची तालीम घरातच

मैत्रिणींनो, कॅटची परीक्षा नोव्हेंबरअखेरीस झाली, की एमबीएच्या मुलाखतींचे दिवस येतात. ही तयारी फक्त क्लासवर सोपवू नका. बरीचशी घरीच होते.

गटचर्चेत आठ-दहा जण एकाच विषयावर पंधरा-वीस मिनिटं बोलतात. आवाज चढवला म्हणून तिथं गुण मिळत नाहीत. मुद्दा नेमका मांडणं, दुसऱ्याचं ऐकणं, भरकटलेलं बोलणं मूळ विषयावर आणणं, हे पाहतात. अहमदाबादच्या आयआयएममध्ये आता गटचर्चेऐवजी लेखी चाचणी असते. तेव्हा घड्याळ लावून पानभर लिहायचीही सवय हवी.

रात्री जेवताना वर्तमानपत्रातला एखादा विषय काढा. मुलीकडे विशेष लक्ष द्या. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे घरोघरी मुलींनाच जास्त ऐकवतात, आणि गटचर्चेत तीच सवय आड येते. तिचं वाक्य पुरं होऊ द्या. भाऊ मध्ये बोलला तर त्याला थांबवा.

मुलाखतीत पदवीचे विषय, आपलं गाव, एमबीए कशासाठी, हे हमखास विचारतात. घोकलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. येत नसेल, तर ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही, एवढंही तिला सांगून ठेवा.