भालाफेकीतील पदन्यास व कटिक्रिया

भालाफेकीच्या अखेरच्या पावलांत पायांची मांडणी व कंबरेची हालचाल यांचा मेळ घालण्याचे तंत्र. भाला हातातून सुटत असला, तरी फेकीचे बळ मुख्यत्वे धावेतून मिळते व पाय, कटिभाग, धड, खांदा आणि हात या क्रमाने भाल्यापर्यंत पोहोचते. पुरुषांचा भाला किमान ८०० ग्रॅ., तर स्त्रियांचा ६०० ग्रॅ. वजनाचा असतो.

उजव्या हाताने फेकणारा स्पर्धक धावेच्या शेवटी धड उजवीकडे वळवून उजवा पाय डाव्या पायासमोरून आडवा टाकतो. हे पाऊल टेकताना धड किंचित मागे झुकलेले व चवडा फेकीच्या दिशेशी तिरका असतो. नंतर उजवा गुडघा व पाऊल आत वळवून कंबरेची उजवी बाजू पुढे रेटली जाते. त्याच सुमारास डावा पाय टाचेवर, शक्यतो ताठ, पुढे रोवला जातो. या अटकावामुळे कंबरेखालचा भाग थबकतो व धड वेगाने पुढे येते. कंबर खांद्याआधी वळल्याने धड धनुष्याप्रमाणे ताणले जाते. हात सर्वांत शेवटी येतो.

डावा गुडघा वाकल्यास धावेचा वेग वाया जातो. दोन्ही पावले एकाच रेषेत पडल्यास कंबर वळण्यास वाव उरत नाही. डावे पाऊल फार डावीकडे पडल्यास धड बाजूस कलते व कोपरावर ताण येतो. म्हणून नवोदितांना प्रथम उभ्याने व नंतर तीन पावलांची फेक शिकवितात.

दिव्यांगांच्या स्पर्धांत या तंत्राचे मर्म विशेष स्पष्ट होते. पॅरिस पॅरालिंपिकच्या (२०२४) उद्‌घाटनप्रसंगी सुमित अंतिल व नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव हे भारताचे ध्वजधारक होते. अंतिल यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तरीही त्या स्पर्धेत त्यांनी एफ ६४ गटात ७०·५९ मी. भालाफेक करून सुवर्णपदक मिळविले. जाधव या एफ ३४ गटात बसून गोळाफेक करतात. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत त्यांना रौप्यपदक मिळाले. या गटातील भालाफेकही बसूनच होते. तीत धाव नसते, आसन जमिनीशी जखडलेले असते आणि फेक पूर्ण होईपर्यंत मांड्या व बैठक आसनावरून उचलता येत नाहीत. त्यामुळे कटिभाग हा चालक न राहता स्थिर पाया बनतो. रोवलेल्या पायाचे काम आसन व मोकळ्या हाताने धरलेला आधारदांडा करतात आणि फेकीचे बळ धड, खांदा व हात यांनाच पुरवावे लागते. आसनाची उंची व दिशा स्पर्धकाच्या शरीराला अनुरूप ठेवणे, हाच येथील पदन्यास होय.