दापोलीचा काप : कबरींपलीकडचे गाव

दापोलीला जुनी माणसे 'कॅम्प' किंवा 'काप' म्हणतात. पेशवाई बुडाली आणि १८१८ नंतर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवरच्या या थंड माळावर कंपनी सरकारने छावणी वसवली. पुढे लष्कर गेले, नाव राहिले. हल्ली जुनी गावे पायी हिंडून दाखवण्याची पद्धत पडली आहे. दापोलीत अशा पाहुण्यांना जुन्या चर्चच्या भिंती आणि गोऱ्या साहेबांच्या कबरी दाखवतात. मीही त्या वाटेने हिंडलो. दगडांची हेळसांड पाहून कुणीही हळहळेल. पण माझा प्रश्न निराळा आहे. या छावणीत फक्त साहेबच राहत होते काय?

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई फार जुन्या काळापासून होते. निवृत्तीनंतर त्यांतली बरीच कुटुंबे दापोलीत स्थायिक झाली. याचे कारण समजून घेतले पाहिजे. गावी परतणे म्हणजे पुन्हा महारकी, वेठबिगार आणि दारोदारची शिळी भाकर. इथे पेन्शनीचा रोख पैसा हाती येई. तो पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. शिवाय पलटणीतल्या शाळांमुळे या घरांत अक्षरे आली होती. रोख पैसा आणि अक्षर, या दोन गोष्टींनी गावगाड्याची पकड सैल केली. अर्ज लिहू शकणारा अस्पृश्य या छावणीत तयार झाला.

गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच. फौजेतून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न विचारले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' उभी केली. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्याच वर्षी निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह काही काळ दापोलीत राहिले. त्यांचा धाकटा भीम तेव्हा तीन वर्षांचा होता.

याच दशकात इथल्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले. त्यांची मागणी साधी होती : शाळा सार्वजनिक पैशावर चालते, तर ती आमचीही आहे. सवर्णांनी विरोध केला. अखेर मुलांना वर्गाबाहेर, ओसरीवर बसवण्यात आले. धर्मशास्त्राचे पुढचे इतिहासकार पां. वा. काणे त्याच सुमारास दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकत होते. एकाच गावात धर्मशास्त्राचा भावी अभ्यासक वर्गात होता आणि त्या धर्मशास्त्राचे चटके सोसणारी पोरे ओसरीवर होती.

इंग्रजांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्या सरकारने बंदूक आणि पाटी हाती दिली, त्याच सरकारने भरतीचे दार लावले. सवर्णांचा रोष नको म्हणून ओसरीची तडजोडही त्यानेच चालवून घेतली. माणूसपण कुणी बहाल केले नाही, ते या पेन्शनरांनी अर्जामागून अर्ज करून मागितले.

मग या लोकांच्या खुणा कापात कुठे आहेत? साहेबाची कबर दगडाची, म्हणून पडकी का होईना, उरली. पेन्शनराचे घर मातीचे, ते पावसाळ्यांनी नेले. केवळ दगडालाच वारसा म्हणायचे ठरवले, तर ज्याला दगड परवडला त्याचाच इतिहास उरणार. म्हणून दापोलीत फेरी काढणाऱ्यांना माझे सांगणे आहे : चर्च दाखवा, कबरीही दाखवा, त्यांची डागडुजीही करा. पण तिथून पुढे चला. जिथे खूण उरली नाही तिथे उभे राहून पेन्शनरांच्या वस्तीची, वलंगकरांच्या लेखणीची आणि शाळेच्या ओसरीची हकिकत सांगा. ऐकणाऱ्यांत एखादे शाळकरी पोर असेल, तर त्याला आधी पुढे बोलवा.