गडकऱ्यांचें बंड आणि नकाशा

१८४४ चें कोल्हापुरांतील गडकऱ्यांचें बंड हायस्कुलांत शिकवितांना दाजी कृष्ण पंडितांचा कारभार व मामलेदारांकडे गेलेल्या जमिनी एवढ्यावरच थांबूं नये, असें आम्हांस वाटतें. सामानगडचा वणवा भुदरगड-पन्हाळ्यास कां लागला, हें नकाशाच सांगतो. हे गड सह्याद्रीच्या पूर्वेकडील फांट्यांवर. घाट उतरला कीं सावंतवाडीचा मनोहरगड, आणि त्यापुढें पोर्तुगीजांची हद्द. १८४५ त फोंड सावंत गोव्याकडेच निसटले! डोंगराचें हें बळ इंग्रजांनीं पुरतें ओळखलें. बंड मोडल्यावर त्यांनीं गड निकामी केले व गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी बंद केली. ज्यांच्या दप्तरांत गडकऱ्यांच्या जमिनींचे कागद असतील, त्यांनीं त्यांतील गांवें नकाशावर मांडून जवळच्या शाळेस द्यावींत, ही विनंती.