शिंगांच्या जागी तसबीर

जुन्या वाड्यांच्या ओसरीवर एके काळी काळविटाची शिंगं मिरवत. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि त्या काळच्या फौजी अंमलदारांना शिकारीचा शौक असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे चित्र बदललं. काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याचं शिंग विनापरवाना घरात बाळगणं हा गुन्हा आहे. रानातलं देखणं जनावर घरात दिसावं ही हौस मात्र रास्त आहे. ती भागवणारी एक साधी, स्वस्त कला म्हणजे जुन्या सामानातून केलेली वन्यजीवांच्या फोटोची छोटी तसबीर.

सामान शोधायला लांब जावं लागत नाही. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी पोचली आणि काचेची तसबीर मराठी घराचा भाग झाली. आज दिवाळीच्या साफसफाईत तडकलेल्या, कसर लागलेल्या तसबिरी माळ्यावरून उतरतात आणि पिंपळाच्या पाराशी ठेवल्या जातात. चित्र काढून त्याचं रीतसर विसर्जन करावं. लाकडी पट्टी आणि काच मात्र अजून कित्येक वर्षं टिकणारी असते.

पाठीमागच्या गंजलेल्या चुका पकडीनं हलक्या हातानं उपसायच्या, पुठ्ठा काढायचा आणि काच सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायची. कोपरा तडकला असेल तर उरलेल्या काचेतून पाच बाय सात इंचांचा तुकडा सहज निघतो. पट्टी धरून काच कापायची हिरकणी एकाच दाबानं, एकदाच ओढायची. रेघेवर दुसऱ्यांदा हिरकणी फिरवली की काच वेडीवाकडी फुटते. मग रेघेखाली आगकाडी ठेवून दोन्ही बाजूंना दाब दिला की काच सरळ मोडते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. लाकडी पट्टीचे कोपरे ४५ अंशांत कापायचे. तिथे कसर राहिली तर चौकट कधीच काटकोनात बसत नाही.

खरी मेख पुढे आहे. फोटो काचेला चिकटू द्यायचा नाही. पावसाळी दमटपणात फोटोचा थर मऊ होतो, काचेला धरतो आणि सोडवताना चित्र सोलून निघतं. म्हणून दोघांच्या मधे अंतर ठेवणारा माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट हवी. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद दोन-तीन पदरी चिकटवला की हे अंतर मिळतं. फोटोच्या मागे कोरा ड्रॉइंग पेपर घालावा. वर्तमानपत्र घातलं तर त्याचा पिवळेपणा चित्रात उतरतो. शेवटी पाठीच्या चारही कडा कागदी टेपनं बंद कराव्यात, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. तसबीर थेट उन्हात टांगू नये, रंग उडतात.

चित्रं जुन्या कॅलेंडरांतून, मासिकांतून मिळतात. तसबिरी विकायच्या असतील तर फोटो स्वतःचा किंवा छायाचित्रकाराच्या परवानगीचा हवा. मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटोही या आकारात छान उतरतो. पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते विषय निवडणं. कॅलेंडरवरचा आफ्रिकेतला सिंह सगळ्यांच्या ओळखीचा असतो. सिद्धेश्वर, येलदरी, ईसापूर या धरणांच्या पाण्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी मात्र शेजारच्या गावातही अनेकांनी नीट पाहिलेले नसतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत किती मुलांना ओळखता येईल?

रोही आणि रानडुकरं हिंगोलीच्या शेतकऱ्याचं उभं पीक खातात. त्याचा राग खरा आहे आणि नुकसानीची भरपाई त्याला वेळेत मिळायलाच हवी. त्याच रानातला जीव देखणाही आहे, हे मुलांना दाखवण्याचं काम ही छोटी तसबीर करू शकते.

शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला ही कला शिकवावी. काच मोठ्यांनी कापून द्यावी, माउंट आणि मांडणी मुलांनी करावी. तसबिरीखाली प्राण्याचं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नये.