वाफेवर चालणारी चाकाची बोट: कुकरच्या शिट्टीपासून शेततळ्यापर्यंत

लहानपणी सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेतून मी दरवर्षी एकच गोष्ट आणायचो, पत्र्याची होडी. आत छोटी मेणबत्ती पेटवायची, बादलीत सोडायची, की ती फट-फट करत गोल फिरायची. इंजिन शोधायला म्हणून मी ती एकदा उचकटली, तर आत काहीच नव्हतं! पत्र्याची छोटी डबी आणि दोन नळ्या, बस्स. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांमधलं पाणी मागे ढकलते, मग थंड होऊन आकसते आणि पाणी परत आत ओढते. हेच सेकंदात अनेकदा होतं, म्हणून तो आवाज. थॉमस पियो नावाच्या माणसाने १८९१ साली इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं होतं.

गेल्या वर्षी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली चार महिने सोलापुरात होतो, तेव्हा ठरवलं की या वेळी खरं इंजिन असलेली बोट बनवायची. बॉयलर, पिस्टन, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी चाकं, सगळं. रील्समध्ये कोल्ड्रिंकच्या कॅनपासून बॉयलर बनवणारी पोरं बघून तुमच्याही डोक्यात हे येत असेल, तर थांबा. आधी हे वाचा.

ही आयडिया मुंबईला नवीन नाही

१८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' ही बाजूला चाकं असलेली आगबोट बांधली गेली. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. प्रॉब्लेम कोळशाचा होता. जागा मिळेल तिथे कोळसा भरूनही अकरा दिवसांनी ती एडनला पोचली, तेव्हा काही तासांपुरताच कोळसा उरला होता. म्हणजे बॅटरी एक टक्का आणि चार्जर पुढच्या गावात! त्याच गोदीतले इंजिनिअर अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. आमच्या सोलापुरात वाफ म्हटलं की मिल आठवते. जुनी मिल १८७७ ची. आजोबा सांगायचे की घरात घड्याळ नव्हतं, मिलच्या भोंग्यावर अख्खी गल्ली उठायची.

इंजिन

मी निवडलं ते ऑसिलेटिंग इंजिन, म्हणजे झुलणाऱ्या सिलिंडरचं. पिस्टनचा दांडा थेट क्रँकला जोडलेला असतो, त्यामुळे क्रँक फिरला की सिलिंडर स्वतःच डावीकडे-उजवीकडे झुलतो. त्याच्या सपाट पाठीवर एक भोक असतं. सिलिंडर एका बाजूला झुकला की ते भोक वाफ येणाऱ्या भोकासमोर येतं, दुसरीकडे झुकला की वाफ बाहेर जाणाऱ्या भोकासमोर. वेगळा व्हॉल्व्ह नाहीच. वाफ फक्त एकाच बाजूने ढकलते, म्हणून उरलेला अर्धा फेरा पूर्ण करायला जड फ्लायव्हील लागतं. सिलिंडरला पाठीमागून एक स्प्रिंग दाबून धरते, आणि दाब जास्त झाला तर सिलिंडर किंचित उचलला जाऊन वाफ सुटते.

माझ्या सिलिंडरचा व्यास १० मिमी, स्ट्रोक २० मिमी. दाब ठेवला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या घरच्या कुकरइतका. पिस्टनचं क्षेत्रफळ ०.७८५ चौ. सेंमी, म्हणजे पिस्टनवर जोर फक्त पाऊण किलोचा. मिनिटाला ६०० फेरे धरले तर कागदावर दीड वॉट पॉवर निघते. घर्षण वगैरे जाऊन त्यातली थोडीच चाकापर्यंत पोचते. फोनचा चार्जर याच्या कितीतरी पट देतो. पण पाण्यावर तरंगणाऱ्या दोन किलोला हलवायला फार लागत नाही.

बॉयलर: इथे घाई नको

पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. माझा बॉयलर म्हणजे ५ सेंमी व्यासाची, १२ सेंमी लांब तांब्याची नळी, दोन्ही टोकांना झाकणं. एका झाकणाचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौ. सेंमी, म्हणजे कुकरइतक्याच दाबाला प्रत्येक झाकणावर २० किलोचा जोर! म्हणून दोन्ही झाकणांना आरपार जोडणारी एक सळई घातली.

आता खरा धोका. बॉयलरमधलं पाणी १२० अंशांवर असतं, ते उकळत नाही कारण दाबाखाली आहे. बॉयलर फाटला की दाब गायब, आणि दीडशे मिलिमधलं पाच-सहा मिलि पाणी त्या क्षणी वाफ बनतं. ती झाली नऊ-दहा लिटर वाफ, तुमच्या तोंडासमोर. उरलेलं पाणी उकळतं, तेही सोबत उडतं. कोल्ड्रिंकचा कॅन, पेंटचा डबा, काचेची बाटली यांना बॉयलर बनवू नका, हे एवढ्यासाठी.

माझी चूक सांगतो. पहिला बॉयलर मी स्वतःच्या सोल्डरिंग गनने कथिलाने जोडला. ते सोल्डर १८०-१९० अंशांना वितळतं. आत पाणी आहे तोवर तांबं १२० च्या आसपास राहतं, म्हणून चाललं. एका रविवारी दिवा पेटता ठेवून मी ऑफिसच्या कॉलवर गेलो. पाणी संपलं, तांबं तापलं, जोड सुटला. पाणीच उरलं नव्हतं म्हणून नुसती फुसफुस झाली. आई म्हणाली, "नशीब म्हणून सुटलास. आता हे गॅलरीतून बाहेर काढ." त्या वेळी अर्धं पाणी असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरा बॉयलर मी फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या काकांकडून ब्रेझिंग करून घेतला. ते रोज तांब्याच्या नळ्या जोडतात, त्यांचा हात बसलेला आहे. मग टेस्ट. बॉयलर थंड पाण्याने गच्च भरायचा, हवा अजिबात नको, आणि हातपंपाने दुप्पट दाब द्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड फाटला तरी फक्त थेंब गळतात. हीच टेस्ट हवेने केली तर ती टेस्ट नाही, फटाका आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह तर हवाच. कुकरची शिट्टी म्हणजे तेच, ठरलेल्या दाबाला उचललं जाणारं वजन. बोट डुलते म्हणून मी वजनाऐवजी स्प्रिंगचा लावला. आणि एक छोटी युक्ती: इंधन पाण्याआधी संपलं पाहिजे. १५० मिलि पाण्याला मी ३० मिलिच स्पिरिट घालतो, निम्मं पाणी उरतं तोवर दिवा विझतो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही हेही लक्षात ठेवा. विझला समजून मी एकदा बोट भाजून घेतलं.

आपल्या बॉयलर कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर म्हणून मोजलंच जात नाही. म्हणजे तपासायला कुणी साहेब येणार नाही. तुम्ही अठराच्या आतले असाल तर हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करा.

चाकं आणि ट्रायल

६० बाय १५ सेंमीचा प्लायवूडचा सांगाडा. थर्मोकोल नको, वितळतं. सांगाडा एक सेंटिमीटर बुडाला की साधारण ७०० ग्रॅम वजन पेलतो, म्हणून दोन किलोची बोट तीन सेंटिमीटर बुडते. बॉयलर जितका खाली, तितकी बोट कमी डुलते.

इंजिनचे ६०० फेरे चाकाला थेट दिले तर ते पाण्याचा फेस करतं, बोट जागेवर. पाचास एक गिअर लावून १२० वर आणले. चाकाचा व्यास ८ सेंमी. पाती पूर्ण बुडेल एवढंच चाक खाली ठेवायचं. जास्त खोल गेलं तर मागची पाती पाणी वर उचलत बसते.

ट्रायल मामाच्या शेततळ्यात, मोहोळ तालुक्यात. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार भयंकर निसरडा असतो, पडलेला माणूस वर चढू शकत नाही. म्हणून बोटीला दोरा बांधला होता आणि मी कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नाही.

सुरुवातीला इंजिन खोकलं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, ते थुंकून टाकेपर्यंत हाताने फ्लायव्हील फिरवावं लागतं. मग लागलं. एका पातीला लाल रंग दिला होता, फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मो घेतला. लाल पाती परत त्याच जागी यायला १२० फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. हिशोबाने वेग सेकंदाला ५० सेंमी यायला हवा होता. चार मीटर जायला बारा सेकंद लागले, म्हणजे ३३. बाकीचं पाणी मागे सरकण्यात गेलं.

मामा काठावर उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "मोटर लावली असती तर?"

मी दोरा गुंडाळत होतो. बॉयलर अजून गरम होता.